ज्यांचा फोटो नाही, त्यांचा आवाजही नव्हता काय?

गेल्या हिवाळ्यात आम्ही पाच-सहा कार्यकर्ते नांदेडमध्ये एक छायाचित्र प्रदर्शन पाहायला गेलो होतो. विषय होता रेडिओचा सुवर्णकाळ आणि मराठी लोकसंगीत. आयोजकांचे नाव आम्ही घेणार नाही, कारण प्रश्न एका आयोजकाचा नाही. उद्या लातूरला असे प्रदर्शन भरले, पुण्यात भरले, तरी तिथे हेच दिसेल. म्हणूनच हा लेख.

प्रदर्शन नीटनेटके होते. लाकडी पेटीचे जुने रेडिओ, जाळीच्या मोठ्या मायक्रोफोनसमोर उभे राहिलेले गायक, निवेदिका, तंबोरे, सतारी. चावडीसमोर रेडिओभोवती गोळा झालेले फेटेवाले शेतकरी. लोकसंगीताच्या दालनात भारूड होते, कीर्तन होते, लावणी होती, शिवरायांचा पोवाडा गाणारे शाहीर होते. आणि एका कोपऱ्यात एक हलगीवाला होता. उघडा, घामेजलेला, मान मागे टाकून वाजवणारा. फोटो सुंदर होता. खाली लिहिले होते, 'हलगीवादक, मराठवाडा'. त्याच्या शेजारच्या फोटोखाली गायकाचे पूर्ण नाव होते, गुरूचे नाव होते, मिळालेले पुरस्कार होते. हलगीवाल्याला नाव नव्हते. गाव नव्हते. त्याला फक्त प्रदेश होता.

आम्ही सगळी दालने दोनदा फिरलो. वामनदादा कर्डक नव्हते. भीमराव कर्डक नव्हते. अण्णाभाऊ साठे नव्हते. विठ्ठल उमप नव्हते. आंबेडकरी जलशाचा एकही फोटो नव्हता. आमच्यातल्या एका पोराने आयोजकांना विचारले. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "आम्हाला जे मिळालं ते लावलं. तुमच्याकडे फोटो असतील तर आणून द्या, लावू की."

हे उत्तर ऐकून आम्ही गप्प झालो. खोटे असते तर तिथल्या तिथे खोडून काढले असते. पण ते अर्धे खरे होते, आणि अर्धे खरे उत्तर जास्त खुपते. त्यातले खोटे अर्धे कोणते आणि खरे अर्धे कोणते, दोन्ही आम्हाला मांडायचे आहे. आधी त्यांचा हिशेब, मग आपला.

सुवर्णकाळ कोणाचा?

'सुवर्णकाळ' हा शब्द ऐकला की पहिला प्रश्न विचारायचा, कोणासाठी? पेशव्यांचा काळही काही लोकांसाठी सुवर्णकाळच होता. आमच्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता, तो काळ.

रेडिओ घ्यायला पैसा लागत होता, तो वाजवायला परवाना लागत होता. दर वर्षी पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरावे लागत. ही अट सुटायला ऐंशीचे दशक उजाडले. ज्या घरात संध्याकाळच्या भाकरीची खात्री नव्हती, तिथे रेडिओ कसा येणार? मग सरकारने गावासाठी सामुदायिक रेडिओ दिले. १९५६ साली तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे स्थापन करून एक मोठा प्रयोग झाला. लोकांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा आणि मग चर्चा करायची. जगभर त्याचे नाव झाले. चांगली कल्पना होती, आम्ही नाही म्हणत नाही. पण गावाचा रेडिओ बहुतेक ठिकाणी असायचा कुठे? चावडीत, पंचायतीत, मारुतीच्या देवळासमोर. आणि त्या काळात चावडीत कोण खाली बसायचे, कोण पायरीच्या बाहेर उभे राहायचे, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा. आमच्या थोरांनी रेडिओ ऐकला तो लांबून ऐकला. प्रदर्शनातल्या त्या चावडीच्या फोटोत जे बसले आहेत ते दिसतात. जे चौकटीच्या बाहेर उभे होते ते दिसत नाहीत. फोटो खोटा नाही, त्याची चौकट जातीची आहे.

१९५५ चे वर्ष, दोन आवाज

१ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत. वर्षभर ५६ गीते झाली. उभा महाराष्ट्र कान देऊन बसला, असे आपल्याला शाळेपासून सांगितले जाते. त्या दोघांच्या कलेवर आम्ही बोट ठेवत नाही. कला मोठीच होती. आमचे बोट निवडीवर आहे.

त्याच काळात महाराष्ट्रात दुसरे काय चालले होते? बाबासाहेब धर्मांतराच्या उंबरठ्यावर होते. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी त्यांनी ऑल इंडिया रेडिओवरून आपले तत्त्वज्ञान सांगितले होते. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत, हे ते देशाला रेडिओवरूनच म्हणाले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी त्यांच्यासोबत धम्म स्वीकारला. या घडामोडीची तयारी गावोगावी कोणी केली? जलशांनी केली. सत्यशोधक जलशांचा वारसा घेऊन नाशिककडे भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला, आणि तिथून ती परंपरा फुटत फुटत वाड्यावस्त्यांपर्यंत गेली. तमाशाचाच साचा, पण आत माणुसकीचा दारूगोळा. कंदिलाच्या उजेडात, बैलगाडीवर, भीमनगरच्या मोकळ्या जागेत रात्रभर जलसा चालायचा. पाणी का भरायचे, मेलेले ढोर का ओढायचे नाही, पोरीला शाळेत का घालायचे, हे आमच्या निरक्षर आजीला पुस्तकाने नाही, जलशाने समजावले. आपल्या दहा सभा एका बाजूला आणि एक जलसा एका बाजूला, अशा अर्थाचे बाबासाहेबांचे बोलणे चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते, ते उगाच नाही.

मग प्रश्न असा की राज्याच्या पैशाने, जनतेच्या परवान्याच्या पैशाने चालणाऱ्या रेडिओला रामकथेच्या ५६ गीतांसाठी वर्षभर जागा सापडते आणि त्याच वर्षी कोट्यवधींचे आयुष्य बदलणाऱ्या गाण्यासाठी तशी जागा का सापडत नाही? एक गाणे 'संस्कृती' ठरले आणि दुसरे 'प्रचार' ठरले. हे कोणी ठरवले?

शुद्धतेची चाळणी

हे ठरवणारी यंत्रणा होती आणि ती कागदोपत्री आहे. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे माहिती व नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी मंत्र्याकडे होते. त्यांना रेडिओवर शास्त्रीय संगीताचा दरबार हवा होता. सिनेमाची गाणी त्यांनी रेडिओवरून जवळपास हद्दपार केली. लोक रेडिओ सिलोनकडे गेले, तेव्हा १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. गायकांना श्रेणी देणाऱ्या चाचण्या त्यांच्याच काळात पक्क्या झाल्या. समोर परीक्षक बसणार आणि ठरवणार की तुमचा गळा रेडिओच्या लायकीचा आहे की नाही.

त्याच्याही आधीची गोष्ट घ्या. १९४० पासून १९७१ पर्यंत, तब्बल एकतीस वर्षे, ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी होती. कारण काय, तर ते परदेशी वाद्य, त्यातून भारतीय श्रुती नीट निघत नाहीत. मोठमोठे लोक या बंदीच्या बाजूने होते. आता सांगा, जलशाचे वाद्य कोणते? पेटी आणि ढोलकी. आमच्या शाहिराला तंबोरा परवडत नव्हता आणि सारंगी त्याच्या घराण्यात नव्हती. त्याच्याकडे एक जुनी पेटी होती, तिचे दोन सूर बंद पडलेले. कोणी म्हणेल, ती बंदी काही दलितांना बाहेर ठेवायला घातली नव्हती. मान्य आहे. आमचे म्हणणेच ते आहे. आम्हाला बाहेर ठेवायला वेगळा कायदा करावाच लागत नाही. 'शुद्ध' काय आणि 'अशुद्ध' काय हे एकदा वरच्यांनी ठरवले की खालचा माणूस आपोआप दाराबाहेर राहतो. स्वयंपाकघरातला सोवळ्याचा नियमही असेच काम करतो.

आणि जे दाराच्या आत गेले त्यांचे काय झाले? त्यांच्यावर 'लोकसंगीत' असे लेबल लागले. या शब्दाकडे नीट बघा. शास्त्रीय गाण्याला घराणे असते, भावगीताला कवी असतो, लोकसंगीताला मात्र कोणी नसते. खाली एक शब्द छापायचा, 'पारंपरिक'. झाले. रचणाऱ्याचे नाव गेले, मानधन गेले, हक्क गेला. हलगीवाल्याचे नाव गेले तसेच. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव फिरत हजारो गाणी लिहीत राहिले. १५ मे २००४ ला गेले. आजही त्यांची किती गाणी दुसऱ्यांच्या नावावर किंवा कोणाच्याच नावावर नसताना वाजतात, हे एप्रिलच्या कुठल्याही मिरवणुकीत उभे राहून मोजा.

'उमप होते की रेडिओवर!'

आता काही मित्र म्हणतील, तुम्ही एकतर्फी बोलता. विठ्ठल उमपांसारखे कलावंत आकाशवाणीवर गायले आहेत. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज कोणी दाबला?

बरोबर आहे, हे कलावंत पोचले. पण आमच्या माणसाला आत घेतले की नाही, एवढेच विचारून थांबू नका. त्याचा कोणता आवाज आत घेतला, हेही विचारा. प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलाची गाणी लागल्याशिवाय महाराष्ट्रात आषाढी साजरी होत नाही. चहाच्या टपरीपासून देवळाच्या कर्ण्यापर्यंत तोच गळा. तेव्हा त्या गळ्याची जात कोणी विचारत नाही. तोच गळा भीमगीत गातो तेव्हा मात्र तो 'त्यांच्या समाजाचा गायक' होतो. विठ्ठल उमपांना मोठ्या मंचांनी लोककलावंत म्हणून डोक्यावर घेतले. पण २०१० च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी शेवटचा श्वास घेतला तो नागपूरच्या दीक्षाभूमीवर, आपल्या माणसांच्या मंचावर. कलावंत कोणत्या मातीतला होता, हे त्यांनी जाताजाता सांगून ठेवले. प्रदर्शनवाल्यांना मात्र तो कलावंत कोणत्याच रूपात आठवला नाही.

नॅशव्हिलचा तोंडाचा बाजा

हे फक्त आपल्याकडेच घडले, असे समजू नका. अमेरिकेत ज्याला कंट्री संगीत म्हणतात, म्हणजे तिथले गावाकडचे गाणे, ते रेडिओमुळेच मोठे झाले. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावर १९२५ मध्ये एक साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला. पुढे त्याचे नाव पडले 'ग्रँड ओल ओप्री'. आजही तो चालू आहे. त्या गाण्याची ओळख बनलेले बँजो हे वाद्य आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी तिथे आणले. पण कंपन्यांनी १९२० च्या दशकात रेकॉर्डच वेगळ्या केल्या. काळ्यांच्या रेकॉर्ड वेगळ्या यादीत, गोऱ्या खेडुतांच्या वेगळ्या यादीत. गाणे एकाच मातीतले, कपाटे दोन. आपल्या गावातल्या दोन पाणवठ्यांसारखी.

त्या ओप्रीच्या पहिल्या लोकप्रिय कलावंतांपैकी एक होता डीफोर्ड बेली, काळा माणूस. तोंडाचा बाजा असा वाजवायचा की आगगाडी धावल्याचा भास व्हावा. १९२७ मध्ये निवेदकाने 'ग्रँड ओल ओप्री' हे नाव पहिल्यांदा उच्चारले ते बेलीच्या वादनाच्या वेळी. दौऱ्यावर मात्र त्याला गोऱ्या सहकाऱ्यांबरोबर हॉटेलात राहता येत नव्हते. १९४१ मध्ये त्याला काढून टाकले. त्यानंतर त्या माणसाने त्याच शहरात बूट पॉलिशचे दुकान चालवून पोट भरले. १९८२ मध्ये तो वारला आणि कंट्री संगीताच्या मानाच्या दालनात त्याची तसबीर लागली २००५ मध्ये. मेल्यावर तेवीस वर्षांनी!

दुसरी गोष्ट चार्ली प्राइडची. हाही काळा गायक. १९६६ च्या सुमारास त्याच्या पहिल्या रेकॉर्ड रेडिओ केंद्रांना पाठवल्या, तेव्हा कंपनीने सोबत नेहमीप्रमाणे गायकाचा फोटो पाठवलाच नाही. निवेदकांना गायक काळा आहे हे कळू द्यायचे नव्हते. आवाज आवडला, गाणी वाजली, मग चेहरा दिसला. फोटो लपवला म्हणून गाणे पोचले!

मित्रांनो, इथे थांबून विचार करा. रेडिओवर आवाजाला चेहरा नसतो, हे खरे. अमेरिकेत चेहरा झाकला की वर्ण झाकला जात होता. पण आपल्याकडे चेहरा झाकून भागत नाही. आपल्याकडे आडनाव असते. निवेदक गाण्याच्या आधी नाव वाचतो आणि ऐकणारा आडनावावरून जात ओळखतो. आणि एक फरक आहे. ओप्रीकडे पगारी छायाचित्रकार होता. लेस लेव्हरेट नावाच्या माणसाने १९६० पासून तीस वर्षांहून अधिक काळ तिथले फोटो काढले. म्हणून तिथे आज प्रदर्शने भरतात, आणि कोणाला वगळले यावर भांडण करायलाही कागद हातात असतो. आमच्या जलशाला पगारी छायाचित्रकार कोण देणार होता? तालुक्याच्या फोटो स्टुडिओत आमचा माणूस आयुष्यात एकदा जायचा, परीक्षेच्या फॉर्मसाठी.

आता आपला हिशेब

त्या आयोजकाच्या उत्तरातले खोटे अर्धे हे झाले. 'जे मिळाले ते लावले' म्हणणाऱ्याने शोधले कुठे, हे विचारायला हवे. ज्या घरांत रेडिओ होता, कॅमेरा होता, त्याच घरांत शोधले तर तेच मिळणार.

आता खरे अर्धे. 'तुमच्याकडे असतील तर आणून द्या.' आम्ही ते आव्हान समजून कामाला लागलो. लातूर जिल्ह्यातल्या एका गावात गेलो. तिथे चळवळीत चाळीस वर्षे गायलेल्या एका शाहिराचे घर आहे. शाहीर आता नाहीत. नामांतराच्या दिवसांत ते रात्री-अपरात्री वस्त्यांवर जाऊन गायचे. भिंतीवर तथागतांची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर, माता रमाईची तसबीर. आणि शाहिराची? होती. मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून काढलेली. चेहरा फुटलेला, डोळे पुसट, कानावरून अर्धा शिक्का गेलेला. चाळीस वर्षे हजारोंसमोर गायलेल्या माणसाची एकमेव छबी सरकारने मतासाठी काढलेली!

आम्ही कॅसेटी विचारल्या. आजी म्हणाल्या, "पोतंभर हुत्या बाबा. घर बांधलं तवा भंगारवाल्याला दिल्या. किलोवर घेतल्या त्यानं." वह्या विचारल्या. त्या वाळवीने खाल्ल्या. पेटी होती. माळ्यावर, फाटक्या चादरीत गुंडाळलेली.

आम्ही त्या आजीला काय बोलणार? दोष तिचा नाही. ती पेटी माळ्यावर असताना आम्ही कुठे होतो? तेव्हा आम्ही जयंतीच्या वर्गणीची पावती फाडत होतो. त्याच गावात एप्रिलमध्ये डीजे येतो. एका रात्रीचे भाडे आम्हाला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. तेवढ्या पैशात शाहिराची सगळी गाणी जतन झाली असती. डीजेच्या भिंतीसमोर नाचताना शब्द ऐकू येत नाहीत, छाती फक्त हादरते. जलशाने आमच्या आजीला शाळेचा रस्ता दाखवला. डीजे आमच्या नातवाला काय दाखवतो? आम्ही नाचण्याच्या विरोधात नाही. ज्यांना हजारो वर्षे मान वर करू दिली नाही त्यांनी रस्त्यावर नाचावे, हा त्यांचा हक्क आहे. पण शब्द गेले की जयंतीचा नुसता आवाज उरतो, आणि त्यात भीमही ऐकू येत नाही.

दुसरा दोष जास्त कडू आहे. त्या हलगीवाल्याचे नाव प्रदर्शनवाल्याला माहीत नव्हते. आम्हाला तरी माहीत होते का? हलगी, सनई, डफ ही वाद्ये ज्या मातंग, होलार बांधवांच्या हातात राहिली, त्यांना आम्ही आमच्या सांस्कृतिक इतिहासात किती पाने दिली? गावकीची सक्तीची वाजवणी आम्ही सोडली, ते बरोबर केले. ती गुलामी होती. पण गुलामी सोडताना वाजवणाऱ्या भावालाही मागे सोडले, हे बरोबर नाही केले. अण्णाभाऊंना एक ऑगस्टपुरते आणि वामनदादांना पंधरा ऑगस्टपुरते वाटून घेणारी चळवळ दुसऱ्याला जातीयवादी कोणत्या तोंडाने म्हणणार? १९७८ च्या ऑगस्टमध्ये नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे नामांतराच्या रोषाला बळी पडले. ते मातंग समाजात जन्मलेले होते आणि 'जय भीम' म्हणत होते. मारणाऱ्यांनी फरक केला नाही. फरक आम्हीच करतो.

तिसरा दोष, बाया. आमच्या शाहिरांच्या यादीत बाया जवळजवळ नाहीत. आमच्या आया गात नव्हत्या काय? गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. गाणारीचे नाव, गाव, वस्ती, सगळे नोंदलेले. पुढे त्या बायांकडे परत जाऊन त्यांचे फोटोही काढले गेले. म्हणजे हे काम होऊ शकते. शेजारच्या जिल्ह्यात झाले आहे. आज कडुबाई खरात एकतारीवर गातात आणि मोबाइलवरून लाखो लोक ऐकतात. पण कडुबाईंच्या आधीच्या कडुबाई कुठे गेल्या, त्यांचा फोटो कोणाकडे आहे?

'अत्याचार थांबत नाहीत आणि तुम्ही फोटो गोळा करा!'

आमच्यातलेच काही कार्यकर्ते हे म्हणतील. त्यांना आमचे उत्तर आहे. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका तरुणाला ठार मारले गेले. नर्सिंग शिकत होता. मोबाइलच्या रिंगटोनला भीमगीत होते, त्यावरून भांडण उकरले, अशी बातमी देशभर छापून आली. १ जून २०२३ ला इथे, आपल्या नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत एका तरुण भीमसैनिकाचा खून झाला. गावात भीमजयंती काढली याचा राग त्यामागे होता, असा त्याच्या घरच्यांचा आरोप आहे. गाण्यावरून, मिरवणुकीवरून आजही रक्त सांडते. ज्यांच्यासाठी रेडिओवरचे लोकसंगीत ही गोड आठवण आहे, त्यांनी खुशाल आठवणीत रमावे. आमचे गाणे अजून भूतकाळात गेलेले नाही. ते वाजवायला आजही हिंमत लागते. म्हणून त्याचा पुरावा जपणे हे अत्याचारविरोधी लढ्याचेच काम आहे. उद्या कोणी म्हणेल, या गावात तुमची अशी काही परंपराच नव्हती, ही मिरवणूक नवी आहे, म्हणून परवानगी नाही. तेव्हा १९८० सालच्या जयंतीचा एक पिवळा पडलेला फोटो टेबलावर ठेवता आला पाहिजे.

करायचे काय?

घोषणा पुरे. नांदेड-लातूरच्या साथींसमोर आम्ही ठोस कामे ठेवतो.

पहिले, प्रत्येक गावात, प्रत्येक भीमनगरात दोन पोरे नेमा. घरोघरी जाऊन गायन पार्टी, जलसा, भजनी मंडळ, जयंती, धम्म परिषद, नामांतराचे मोर्चे यांचे जुने फोटो बघा. फोटो मागून नेऊ नका. लोकांच्या घरातली ती एकमेव आठवण असते. तिथेच, उजेडात, मोबाइलवर नीट फोटो काढा आणि मूळ प्रत त्याच घरात ठेवा.

दुसरे, फोटोची पाठ बघा आणि म्हाताऱ्यांना विचारून घ्या. कोण आहे, कोणते गाव, कोणते साल, पेटीवर कोण, ढोलकीवर कोण, हलगीवर कोण, मागे टाळ धरलेली बाई कोण, गाणे कोणी रचले. 'पारंपरिक' हा शब्द आपल्या वहीत लिहायचाच नाही. रचणारा माहीत नसेल तर 'शोध चालू' लिहा.

तिसरे, कॅसेटी. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि पहिल्यांदा आपल्याला परीक्षक आणि परवाना न लागणारा रेडिओ मिळाला. टेपरेकॉर्डर आणि कर्णा एवढ्यावर आपण केंद्र चालवले. गायन पार्ट्यांनी स्वतः भरून घेतलेल्या कॅसेटी अजून काही घरांत आहेत. त्या फिती चिकटत चालल्या आहेत. दरवर्षी काही कायमच्या जातात. वाजत आहेत तोवर संगणकावर उतरवून घ्या.

चौथे, माहितीचा अधिकार वापरा. आकाशवाणी ही प्रसारभारतीची, म्हणजे जनतेची. परभणी आणि नांदेड केंद्रांकडे दहा रुपयांचा अर्ज टाका. केंद्र सुरू झाल्यापासून लोकसंगीताच्या चाचणीला कोण बसले, कोण पास झाले, १४ एप्रिल, ६ डिसेंबर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला काय प्रसारित झाले, कोणती ध्वनिमुद्रणे जपली आणि कोणती पुसली, त्याची नोंद मागा. नोंदवही सापडली तर इतिहास मिळेल. नष्ट केली म्हणाले तर तेही लेखी घ्या. कोणाचा आवाज पुसला गेला, याचाही पुरावा लागतो. आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्या पोरांनी प्रबंधाला विषय शोधत दारोदार फिरू नये, विषय त्यांच्याच घराच्या माळ्यावर फाटक्या चादरीत आहे.

पाचवे, प्रदर्शन आपण भरवू. वातानुकूलित दालनाची वाट बघायची नाही. दाभडला बावरीनगरच्या महाविहारात दरवर्षी धम्म परिषदेला हजारो लोक येतात. तिथे दोरी बांधून फोटो टांगा. लातूरला जयंतीच्या मंडपात टांगा. खाली पूर्ण नावे लिहा. बाजूला एक टेप लावा. आणि मधोमध एक रिकामी चौकट ठेवा, त्या शाहिरासाठी, ज्याचा मतदार ओळखपत्रावरचा तेवढाच फोटो उरला. लोक ती चौकट बघून विचारतील. सांगा त्यांना.

त्या नांदेडच्या आयोजकांनाही आम्ही बोलावणार आहोत. फोटो असतील तर आणून द्या, लावू, म्हणाले होते ना? येऊन बघा म्हणावे. फोटो आहेत. ते कुठे शोधायचे एवढेच तुम्हाला माहीत नव्हते. आणि तो हलगीवाला कोण, हे आम्ही आता शोधतो आहोत. तुमच्यापैकी कोणाला त्याचे नाव, गाव माहीत असेल तर कळवा. प्रदर्शनातला पहिला फोटो त्याचा लागेल, पूर्ण नावासकट.

जय भीम! जय अण्णाभाऊ! जय भारत!